मिस व्हर्लीन आणि ‘कोणीतरी’

मीटिंगमध्ये उगाच तोंड उघडू नये, हे मला आईने सांगितलं होतं, हेडमास्तरांनी सांगितलं होतं, बायको तर अजून रोज सांगते. पटलं मात्र कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या एका उंच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या लाँड्री रूमशेजारी, हातात ओल्या चादरींची टोपली असताना.

मी ज्ञानदेव. मूळचा नागपूरचा, इथे एका बँकेत सॉफ्टवेअर बघतो. स्वभाव सूचना करण्याचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने कुठून वळावं, रस्त्यावरचा सिग्नल किती सेकंदांचा हवा, शेजाऱ्याने विंटर टायर्स कधी बदलावेत, हे सगळं मला आपोआप दिसतं आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. करायचं म्हणाल तर ती गोष्ट वेगळी. सांगणारा एक आणि करणारा दुसरा, ही कामाची वाटणी मी जन्मभर निष्ठेने पाळली होती.

तर सहा वर्षांपूर्वीचा तो शनिवार. आम्ही तेव्हा त्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होतो. लाँड्री रूमला लागून एक पार्टी रूम होती. काचेच्या दारातून दिसलं, आत वीसेक मुलं बसलीत, सगळी काळी मुलं. कोणाचे आईबाप जमैकाचे, कोणाचे घानाचे, कोणाचे सोमालियाचे. समोर एक उंच, ताठ बाई. वय पासष्टच्या पुढे, अंगात बस ड्रायव्हरचं निळं जॅकेट, गळ्यात दोरीला बांधलेली किल्ली.

“बसमध्ये चाळीस माणसं,” बाई विचारत होत्या, “तीन-अष्टमांश फिंच स्टॉपला उतरली. राहिली किती? आणि जे उभे आहेत ते सीट रिकामी असून दाराशी का उभे आहेत?”

मुलांनी पंचवीस सांगितलं आणि दुसऱ्या प्रश्नावर जोरदार भांडण सुरू केलं. मला शिकवणं फार आवडलं. पण बोर्ड! बोर्ड डब्याच्या झाकणाएवढा होता. मागच्या पोट्ट्यांना काय कप्पाळ दिसणार? उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी दार ढकललं आणि म्हणालो, “माफ करा, पण कोणीतरी इथे मोठा बोर्ड लावायला हवा.”

मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. बाईंनी टेबलावरचं जाडजूड रजिस्टर उघडलं आणि माझं नाव विचारलं. ‘ज्ञानदेव’ त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी ‘मिस्टर ग्यान’ असं लिहिलं. कल्याणी, म्हणजे माझी बायको, म्हणते की मला इतकं शोभणारं नाव माझ्या आईबापांनाही सुचलं नव्हतं.

“मिस्टर ग्यान. मोठा बोर्ड. कधीपर्यंत?”

“अहो नाही, मी नुसती सूचना केली.”

“तेच लिहिलंय,” बाई म्हणाल्या आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘यू से इट, यू डू इट.’ जो बोलेल, त्यानेच करायचं.

दोन आठवडे मी भलत्या वेळी कपडे धुतले. तिसऱ्या आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्या कमरेएवढी एक मुलगी वर बघून म्हणाली, “सर, बोर्ड?” ग्रोसरीच्या रांगेत एका अनोळखी आजीबाईंनी विचारलं, “तुम्हीच ना ते बोर्डवाले?” शेवटी आणला बाप्पा बोर्ड. लावलाही मीच, आणि तिरका लागला म्हणून परत लावला.

मिस व्हर्लीनची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्यांच्याकडे मोठ्या बाईला पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात, आपण ताई लावतो तसं. त्या ग्रेनाडा नावाच्या बेटावरून तरुणपणी इथे आल्या आणि एकतीस वर्षं शहराची बस चालवली. त्यामुळे नऊ म्हणजे नऊ. नऊ वाजून एक मिनिट झालं की त्यांच्या लेखी बस गेलेली असते.

शाळेची गोष्ट त्यांनी मला टेनिस बॉल कापताना सांगितली. हो, टेनिस बॉल. खुर्च्या ओढताना कर्कश आवाज व्हायचा आणि ‘कोणीतरी खुर्च्यांच्या पायांना चेंडू बसवायला हवेत’ असं मी बोलून बसलो होतो. बावीस खुर्च्या, अठ्ठ्याऐंशी पाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा कर्टिस तेरा वर्षांचा होता. शाळेतल्या सल्लागाराने बाईंना बोलावून गोड हसत सांगितलं, मुलाचा हात चांगला आहे, डोक्याचे विषय झेपायचे नाहीत, पुढच्या वर्षी सोपे वर्ग घेऊ द्या. सोपे वर्ग घेतले की युनिव्हर्सिटीचं दार बंद, हे त्या हसण्यात कुठे नव्हतं. बाई रडत घरी आल्या आणि कपडे धुवायला खाली गेल्या. तिथे सातव्या मजल्यावरची एक आई रडत होती. तिलाही तेच वाक्य. बाराव्या मजल्यावरचीला तेच. शब्द तेच, हसूही तेच.

“एकीच्या मुलाला सांगितलं,” मिस व्हर्लीन चेंडूला सुरी लावत म्हणाल्या, “तर तिला वाटतं आपल्याच मुलात काही कमी आहे. आम्ही सात जणी निघालो. तेव्हा कळलं, कमी कुठे आहे ते.”

हे ऐकून माझा हात थांबला. माझ्या बाबांना चौथीत मास्तरांनी विचारलं होतं, शिकून काय करशील, बापाचं काम आहेच की. बाबा हे शेवटपर्यंत विसरले नाहीत. मी मिस व्हर्लीनना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तुला इथे काही समजावून सांगायची गरज नाही,” आणि पुढचा चेंडू माझ्याकडे सरकवला.

त्या सात जणींची पहिली मीटिंग लाँड्री रूममध्येच झाली. तीन तास. कोणीतरी शाळेला पत्र लिहायला हवं, कोणीतरी मुलांचा गणिताचा अभ्यास घ्यायला हवा, कोणीतरी वकिलाशी बोलायला हवं. सगळ्या जणी समाधानाने घरी गेल्या. पुढच्या शनिवारी बघतात तर काडीही हललेली नाही. तेव्हा मिस व्हर्लीन ड्रायरवर थाप मारून म्हणाल्या, “बस कोणीतरी चालवायला हवी असं म्हणत मी डेपोत बसून राहिले, तर या शहराचं काय होईल?” त्या दिवशी रजिस्टर आलं, त्या दिवशी नियम झाला. पत्र बोललेलीने पत्र लिहिलं. गणित बोललेल्या मिस व्हर्लीन स्वतःच होत्या. त्यांनी आधी स्वतः अपूर्णांक शिकून घेतले, मग बसमध्ये बसवले.

कर्टिस आज इलेक्ट्रिशियन आहे. मला वाटलं, ऐकताना बाईंना वाईट वाटत असेल. कसलं काय! “कॅल्क्युलसमध्ये नव्वद मार्क होते,” त्या ताठ मानेने म्हणाल्या. “वायर त्याने निवडली. त्याच्या गळ्यात कोणी घातली नाही.”

आता आमच्या संघटनेचंही सांगायला हवं, नाहीतर मी एकटाच शहाणा असं वाटेल. बाबासाहेबांनी संघटित व्हा सांगितलं. आम्ही ओंटारियोत संघटना काढली आणि दोन वर्षांत तिच्या दोन केल्या. मी ज्या अर्ध्या भागात आहे, त्याच्या मीटिंगचा वृत्तांत मीच लिहितो. त्यात दरवेळी एक वाक्य असतं: ‘मुलांसाठी कोणीतरी वर्ग सुरू करावा असे सर्वानुमते ठरले.’ चौदा वर्षांत हे वाक्य चौदा वेळा सर्वानुमते ठरलंय. मग बॅनरवर कोणाचं नाव वर येणार यावर चर्चा होते आणि समोसे येतात.

इकडे शनिवारच्या शाळेत माझ्या नावापुढच्या ओळी वाढत होत्या. एकदा मी म्हणालो, या पोरांना काहीतरी गरम खायला द्यायला हवं. झालं, मिस्टर ग्यान, पोहे. घरी कल्याणी कडाडली, “सूचना तुमची आणि पोहे माझे? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची इतकी हौस आहे तर स्वतः भाजा ना! थांबा, मीच सांगते त्या व्हर्लीनताईला.” तावातावाने खाली गेली. अर्ध्या तासाने परत आली ती जरा गप्पच.

“काय झालं?”

“काही नाही. ती पोट्टी हात न धुता खात होती. मी म्हटलं, कोणीतरी यांना आधी हात धुवायला लावा.”

“मग?”

“मग काय मग? शनिवारी नऊला जायचंय मला.”

आमची अक्षता तेव्हा सहा वर्षांची होती, तीही आमच्याबरोबर येऊन बसायला लागली. तिथे मी कोणी मोठा उपकारकर्ता नव्हतो, हे मिस व्हर्लीननी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. “मदत करणारे खूप येतात, फोटो काढतात, जातात. मला मदत नको. हजेरी हवी.” शाळा त्यांची, मुलं त्यांची, माणसं त्यांची. मी रजिस्टरमधला एक.

पुढे इमारत नव्या मालकाकडे गेली. त्याला पार्टी रूम पार्सलं ठेवायला हवी होती. मिस व्हर्लीननी दोनशे भाडेकरूंच्या सह्या जमवल्या, तीन वेळा भांडल्या, आणि शेवटी कागदावर एवढं मिळवलं: दर शनिवारी नऊला खोली उघडून वापरात असेल, तोपर्यंत शाळेची. एक शनिवार जरी बंद राहिली, तर पार्सलांची.

तशी काळजी नव्हती. एकोणीस वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. पण एकतीस वर्षं त्या सीटवर बसून मिस व्हर्लीनचं खुब्याचं हाड झिजलं होतं. ऑपरेशनची तारीख आली: या वर्षीच्या फेब्रुवारीतला पहिला गुरुवार. शुक्रवारी घरी सोडणार, मग दोन आठवडे खोलीबाहेर पडायचं नाही. म्हणजे शनिवार, सात फेब्रुवारी, पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सांगितलं आणि सगळ्यांकडे बघितलं. घानाचे मिस्टर ओवुसू मुलांना बुद्धिबळ शिकवतात. ते छताकडे बघू लागले. तिथली माणसं नियमाला इतकी मुरलेली की कामाचा ढीग उपसतील, पण जपून बोलतील. आणि मी? देवाने, म्हणजे ज्याला मी मानत नाही त्याने, मला तोंड दिलंय.

“मुळात किल्ली एकाच माणसाच्या गळ्यात असणं बरोबर नाही,” मी म्हणालो. “कोणाकडे तरी दुसरी…”

तिथेच थांबलो, पण उशीर झाला होता. मिस्टर ओवुसूंना हसताना ठसका लागला. मिस व्हर्लीननी दोरी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

“दार हट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “किल्ली घाल, गुडघा लाव, दार वर उचल, मग फिरव. जबरदस्ती करू नकोस, किल्ली मोडेल. दुसरी नाही.”

निघताना त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं. त्या बाईंचा आवाज मी पहिल्यांदा बारीक ऐकला. “मी नसताना उघडेल ना रे?”

“हो, गुडघा लावायचा, वर उचलायचं…”

“मी दाराचं नाही विचारत.”

मी गळ्यातली किल्ली उगाच चाचपली. सूचना करणाऱ्या माणसाला कोणी खरा प्रश्न विचारला की असंच होतं.

घरी आलो तर कल्याणीने कॅलेंडर समोर धरलं. सात फेब्रुवारी, रमाई जयंती. आमच्या संघटनेचा कार्यक्रम तासाभरावरच्या वॉटर्लू गावात, सकाळी दहा वाजता, सूत्रसंचालन अस्मादिकांचं. मी विशालला फोन लावला. विशाल आमचा अध्यक्ष, माणूस लाख मोलाचा.

“विशालभाऊ, मला त्या दिवशी जमणार नाही. किल्ली आहे माझ्याकडे.”

“कसली किल्ली? अरे ज्ञानदेव, ते कोणीतरी बघेल ना बे!”

तो शब्द मला शिवीसारखा लागला. मी चिडून म्हणालो, “कोणीतरी म्हणजे कोण? नाव सांग!” विशाल दचकला. त्याला नाव सांगता येईना. मग त्याने सूत्रसंचालन स्वतःकडे घेतलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शुक्रवारी दुपारी बर्फ सुरू झालं. शनिवारी सकाळी सहाला पडदा सारला तर आमची गाडी दिसेना. गेल्या वर्षी आम्ही घर घेतलंय, त्या बिल्डिंगपासून तीन बसस्टॉपवर. ड्राइव्हवे शोव्हल करायला घेतला, पण एक फावडं बाजूला टाकावं तर वाऱ्याने दोन परत. बस बंद. साडेसातला विशालचा मेसेज आला: ‘हवामानामुळे कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे.’ मला एक क्षण खूप मोह झाला. असल्या बर्फात कोण पोरगं येणार आहे? कोण बघणार आहे?

तेवढ्यात कल्याणी पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली. पातेल्याला गोधडी गुंडाळलेली. ते तिने अक्षताच्या बर्फावरच्या घसरगाडीला ओढणीने बांधलं.

“चला. काहून उभे राहिले?”

“डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग,” अक्षता म्हणाली, पण दोरी तिनेच धरली.

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मी, खांद्यावर फावडं, गळ्यात किल्ली. मागे गोधडी पांघरलेले पोहे. शेवटी कल्याणी, माझ्या चालण्यावर सूचना करत. गुडघाभर बर्फात तीन स्टॉप म्हणजे पाऊण तास लागला. पोहे एकदा उलटायच्या बेतात आले तेव्हा कल्याणीच्या तोंडून जे निघालं, ते कॅनडाच्या भूमीवर बहुधा प्रथमच उच्चारलं गेलं असेल.

बिल्डिंगपाशी पोचलो तर आधीच कोणीतरी रस्ता साफ करत होतं. ‘कोणीतरी’ नाही, चुकलो. मिस्टर ओवुसू. पंधरा वर्षांपूर्वी ते एकदा म्हणाले होते, दाराशी बर्फ साचतं, काढायला हवं. तेव्हापासून काढताहेत.

“मिस्टर ग्यान, आठ छप्पन,” ते धापा टाकत म्हणाले.

पार्टी रूमच्या दाराशी बिल्डिंगचा सुपरिंटेंडंट घड्याळ बघत उभा होता. त्याला वरून तसं सांगितलेलं होतं, बिचाऱ्याचा दोष नव्हता. मी किल्ली घातली. फिरेना. हात गारठून लाकूड झाले होते. गुडघा लावला, चुकीचा लावला. आठ अठ्ठावन्न. कपाळावर घाम, टोपीत बर्फ. जोर लावणार एवढ्यात आठवलं: जबरदस्ती करू नकोस. श्वास घेतला, दार वर उचललं, फिरवली. खट्.

सुपरिंटेंडंटने घड्याळ बघितलं आणि कागदावर खूण केली. मग हळूच विचारलं, “पोहे आहेत का?”

खोली रिकामी होती. मी दिवे लावले आणि बावीस खुर्च्यांकडे बघत उभा राहिलो. दार उघडलं होतं, पण मिस व्हर्लीननी दाराचं विचारलंच नव्हतं. नऊ वाजून चार मिनिटं झाली. मग लिफ्ट वाजली आणि तिच्यातून बिल्डिंगमधली सात मुलं एकदम सांडली. मग बाहेरून एक आई आली, पाठीवर एक, हाताला एक. मग भुवयांवर बर्फ साचलेला एक बाप, तीन मुलांसह. मग एकेक-दोनदोन करत अजून येतच राहिली. साडेनऊला मी हजेरी घेतली तर एकोणीस. मिस व्हर्लीनच्या हाताखाली शिकून आता युनिव्हर्सिटीत जाणाऱ्या एका मुलीने मोठ्या बोर्डावर बस काढली आणि चाळीस माणसं आत बसवली. मी मागे उभा राहून डोळे पुसले. सर्दी झाली असं कल्याणीला सांगितलं. ती म्हणाली, हाव, मलाही.

पावणेदहाला पुन्हा लिफ्ट वाजली. आधी वॉकर बाहेर आला, मग लाल स्लिपर, मग फुलाफुलांचा गाउन आणि त्यावर बस ड्रायव्हरचं निळं जॅकेट.

“मिस व्हर्लीन!” मी ओरडलो. “डॉक्टरांनी खोलीबाहेर पडू नका सांगितलंय!”

“ही काय खोलीच आहे,” त्या म्हणाल्या.

एक एक पाऊल टाकत त्या मागच्या रांगेत आल्या आणि हळूच बसल्या. चेंडू लावलेली खुर्ची, जराही आवाज झाला नाही. पुढे शिकवणं चालू होतं. कोणी त्यांना काही विचारायला आलं नाही, कारण विचारण्यासारखं काही अडलंच नव्हतं. एकोणीस वर्षांत त्या बाईंना पहिल्यांदा काही काम नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी सुस्कारा सोडला आणि बेसावधपणे म्हणाल्या, “कोणीतरी एक कप चहा दिला तर बरं होईल.”

एकोणीस मुंडकी मागे वळली. आणि सगळी पोट्टी एका सुरात, भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवत ओरडली, “यू से इट, यू डू इट!”

मिस व्हर्लीन आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की खुबा धरावा लागला. आणि मग, नियम म्हणजे नियम, त्यांनी वॉकरवर दोन्ही हात ठेवले आणि उठायला लागल्या. चेहऱ्यावर कळ दिसत होती, पण बाई खरंच उठत होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी विचार करून तोंड उघडलं.

“मिस व्हर्लीनना,” मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “कोणीतरी चहा करून द्यायला हवा.”

आणि किटलीकडे निघालो. मागून कल्याणीचा आवाज आला, “त्यांच्या पायाखाली कोणीतरी स्टूल द्यायला हवं.” मग मिस्टर ओवुसू खाकरले, “पाठीला कोणीतरी उशी द्यायला हवी.” आणि मग मुलांना खेळ कळला. कोणीतरी साखर! कोणीतरी मफलर! कोणीतरी पोहे! बोलायचं आणि धावायचं, बोलायचं आणि धावायचं, एकच गोंधळ. मिस व्हर्लीन मधोमध बसून “पुरे, पुरे” म्हणत होत्या, पण त्यांचं तिथे कोणी ऐकेना.

मी कप नेऊन दिला तेव्हा त्यांच्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं आणि पेन हातात तसंच राहिलं होतं. किती नावं लिहायची, त्यांना उरकेना. मी गळ्यातली किल्ली काढून पुढे केली. त्यांनी मान हलवली आणि ती माझ्या हातात परत दाबली.

“तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या शनिवारी मला उशिरा उठायचंय.”

चहात चौघांनी साखर घातली होती. मिस व्हर्लीननी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.